नाबी हिलच्या गेटवर रोख डॉलर मागितले तर

टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात स्वस्तातल्या सफारीचं पितळ उघडं पडतं ते नाबी हिलच्या गेटवर. सफारी जिथून निघतात त्या आरुशा शहराहून सहा-सात तास धूळ खात गाडी तिथे पोचते. ड्रायव्हर खिडकीशी जाऊन येतो आणि पडेल चेहऱ्याने सांगतो, 'फी वाढलीय, माणशी शंभर डॉलर रोख द्या.' मागे फिरायची सोय नसते, बरोबरचे आजी-आजोबा थकलेले असतात, मग पाकीट निघतंच.

या गेटवर रोख घेतच नाहीत. शुल्क कार्डाने भरतात, नाहीतर सरकारी 'कंट्रोल नंबर' (पैसे भरण्यासाठीचा क्रमांक) काढून आधीच भरलेलं असतं. म्हणजे ते शंभर डॉलर उद्यानाला जात नाहीत. आरुशा सोडण्यापूर्वी कंट्रोल नंबर असलेली पावती बघायला मागा. त्यावर तारखा आणि माणसांची संख्या ताडून घ्या. पावती 'ऑफिसात राहिली' असेल, तर ऑफिसातून येईपर्यंत गाडीत बसू नका.

खरं तर कोटेशन हातात पडतं तेव्हाच हिशेब मांडता येतो. सेरेंगेटीचं प्रवेशशुल्क मेच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच्या हंगामात परदेशी प्रौढाला २४ तासांचे ७० डॉलर, त्यावर १८ टक्के व्हॅट, म्हणजे ८२.६०. सार्वजनिक कॅम्पसाइटवर तंबू टाकला तर रात्रीचे ३५.४० वेगळे. आरुशाचा रस्ता गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रातून जातो, म्हणून तिथले ७०.८० जाताना आणि पुन्हा येताना. तिथल्या क्रेटरमध्ये, म्हणजे ज्वालामुखीच्या विवरात, उतरायचे गाडीमागे २९५. दोघांनी दोन रात्री तंबूत काढल्या आणि परतताना क्रेटर पाहिलं, तर माणशी साधारण ५२५ डॉलर नुसतं शुल्क झालं. गाडी, डिझेल, ड्रायव्हर, स्वयंपाकी, जेवण अजून बाकीच. हे दर बदलतात, तेव्हा बुकिंगच्या दिवशीचे अधिकृत दर घ्या. पण एवढ्याच सहलीचे कुणी 'सगळं धरून' साडेपाचशे सांगत असेल, तर उरलेले पैसे कुठून तरी उकळले जाणारच.

परवान्याचे २४ तास प्रवेशाच्या वेळेपासून मोजतात. दुपारी दोनला आत गेलात आणि शेवटच्या दिवशी चित्त्यामागे रेंगाळून तीनला बाहेर पडलात, तर आणखी एका दिवसाचं शुल्क लागू शकतं. ते कोण भरणार, हे करारात लिहून घ्या.

दुसरी मेख 'किंवा तत्सम' या दोन शब्दांत असते. लॉजचं नाव छापलेलं असतं उद्यानाच्या आतलं, मुक्काम मिळतो हद्दीबाहेर. लॉजला स्वतः ईमेल करून आपल्या नावाचं बुकिंग आहे का आणि पैसे भरलेत का, एवढं विचारा. ऑगस्टमध्ये 'नदी ओलांडणारी वाइल्डबीस्ट' दाखवतो म्हणून सेरोनेराला मुक्काम देणारेही बरेच. त्या दिवसांत या हरणवर्गीय प्राण्यांचे मोठे कळप उत्तरेला कोगाटेंडेच्या बाजूला, मारा नदीकाठी असतात. सेरोनेरा उद्यानाच्या मध्यावर. तिथून रोज जाऊन-येऊन नदी गाठणं दमछाकीचं काम आहे. आणि नदी ओलांडण्याची 'गॅरंटी' देणारा सरळ थाप मारतोय, कळप कुणाचं ऐकत नाहीत.

आगाऊ रक्कम व्यक्तीच्या खात्यावर किंवा मनी ट्रान्सफरने मागितली तर तिथेच थांबा. खातेदाराचं नाव आणि 'टाला' परवान्यावरचं कंपनीचं नाव एकच हवं. टांझानियात सफारी विकायला हा परवाना लागतो आणि त्याचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, म्हणून चालू वर्षाचीच प्रत घ्या. ई-व्हिसाच्या नकली साइट जास्त पैसे उकळतात. भारतीयांच्या एकवेळच्या पर्यटक व्हिसाचं शुल्क ५० डॉलर आहे, आणि खऱ्या साइटचा पत्ता 'गो डॉट टीझेड'ने संपतो.

पुण्या-मुंबईच्या एजंटाकडून घेतलं तरी सफारी चालवतो आरुशाचा ग्राउंड ऑपरेटर. एजंटाने त्याला पैसे पोचवले नाहीत, तर विमानतळावर घ्यायला कुणी येत नाही. निघण्याच्या पंधरा दिवस आधी ऑपरेटरचं नाव घेऊन त्याच्याकडून थेट लेखी पुष्टी मागवा. एजंटाने टीसीएस (परदेश सहलीवर आगाऊ घेतला जाणारा कर) घेतला असेल तर तो नंतर प्राप्तिकर पोर्टलवर तुमच्या पॅनपुढे दिसायला हवा. ऑनलाइन पैसे गेले तर ताबडतोब सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन. सेवेतल्या फसवणुकीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते, पण त्यासाठी कोटेशन, व्हॉट्सअॅप संभाषण आणि पैसे भरल्याच्या पावत्या जपून ठेवलेल्या हव्यात.