एफडीवरचं पहिलं क्रेडिट कार्ड: वर्षभराच्या वापरानंतर

पहिली नोकरी, सिबिलमध्ये (कोण कर्ज कसं फेडतं याची नोंद ठेवणारी कंपनी) नावच नाही, त्यामुळे साधं कार्ड कुणी देईना. शेवटी 25 हजारांची एफडी करून, ती बँकेकडे तारण ठेवून त्यावर कार्ड घेतलं. लिमिट 20 हजार, वार्षिक फी नाही. अशी कार्डं कशी मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येते. मुद्दा आहे बिलाच्या तारखेचा.

माझा पगार 7 तारखेला होतो. कार्डाचं बिल बनायचं 15 ला आणि भरायची शेवटची तारीख 4. म्हणजे महिन्यात खातं सगळ्यात रिकामं असतं, नेमकं तेव्हाच पूर्ण बिल भरायचं. पैसे बाजूला काढून ठेवत होते म्हणून एकदाही चुकलं नाही. पण घरभाडं, मेसचे पैसे आणि घरी पाठवायची रक्कम गेल्यावर कार्डाची रक्कम जवळजवळ महिनाभर न शिवता ठेवायची, हे पहिल्या नोकरीच्या पगारात किती अवघड जातं ते ज्याचं त्यालाच कळतं. बिल 12-13 तारखेला भरायचं असतं तर हा ताण उरलाच नसता.

कस्टमर केअरला फोन केला. उत्तर: "मॅडम, सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही." पुन्हा केला, वेगळा माणूस, तेच उत्तर. शाखेत गेले तर म्हणाले कार्डाचं सगळं हेड ऑफिसला असतं. इथे माझं डोकं फिरलं, कारण रिझर्व्ह बँकेचा नियम सरळ आहे. क्रेडिट कार्डांबद्दलचे 2022 चे निर्देश आणि त्यात मार्च 2024 मध्ये झालेली सुधारणा यांनुसार ग्राहकाला आपल्या सोयीने बिलिंग सायकल, म्हणजे बिल बनायची तारीख, किमान एकदा बदलून मिळालीच पाहिजे. बँक उपकार करत नाही, तो आपला हक्क आहे. मी तेवढंच लिहून बँकेत तक्रारी बघणाऱ्या नोडल ऑफिसरला ईमेल केला आणि खाली टाकलं की 30 दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करेन. जो ऑप्शन सिस्टिममध्ये नव्हता तो मग सापडला. आता बिल 22 ला बनतं, भरायचं 12 ला.

तारखेवर एवढं का अडून बसले, तर किमान देय रकमेमुळे (मिनिमम ड्यू), म्हणजे पूर्ण बिलाऐवजी भरता येणाऱ्या छोट्या रकमेमुळे. खात्यात पैसे कमी असले की माणूस तिकडे वळतो, आणि ॲपमध्ये ऑटोपे लावताना आधीच टिक केलेला पर्यायही 'मिनिमम ड्यू' हाच होता. मी तो बदलून 'टोटल ड्यू' केला. माझ्या कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के. 10 हजार थकले तर महिन्याचं व्याज 350, त्यावर 18 टक्के जीएसटी 63, एकूण 413. किमान रक्कम साधारण 5 टक्के, म्हणजे 500 रुपये. ते भरून मुद्दलातून कमी होतात जेमतेम 87 रुपये. वर, जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू. माझ्या एफडीवर वर्षाला 7 टक्के द्यायचे आणि त्याच एफडीच्या तारणावर 42 टक्के घ्यायचे, हे मला अजूनही पटत नाही.

लिमिटबद्दलचं मत मात्र बदललं. सुरुवातीला 20 हजार फारच कमी वाटायचे, आणि तेव्हा लिहिलं असतं तर त्यावरूनच दोन स्टार कापले असते. मग फोन घेतला, 18 हजार एकदम कार्डावर. बिल वेळेत आणि पूर्ण भरलं, तरी पुढच्या वेळी सिबिलचा स्कोअर खाली आलेला. लिमिटचा मोठा भाग वापरलेला दिसला की असं होतं. 2025 मध्ये बँकांनी ही माहिती सिबिलसारख्या कंपन्यांना महिन्यातून दोनदा, 15 तारखेची आणि महिनाअखेरची, कळवायची असायची. त्यामुळे मोठा खर्च झाला की मी बिलाची वाट न बघता त्या तारखांच्या आधीच पैसे भरून टाकायचे. स्कोअर परत वर आला. तोवर एक गोष्ट लक्षात आली होती: 20 हजारांत महिना बसवायची सवय लागलीय, त्यापेक्षा जास्त मला लागतही नाहीत.

रिवॉर्ड पॉइंट्सबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एटीएममधून कार्डावर पैसे काढू नका, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि फी वेगळी.

आता त्याच बँकेचे फोन येतात, एफडीशिवायचं, लाखाच्या लिमिटचं कार्ड घ्या म्हणून. सध्या नको म्हणून सांगितलंय. एफडी रिन्यू करून हेच कार्ड चालू ठेवतेय. कार्डाला चार स्टार, कस्टमर केअरला एक. नवीन कुणी घेत असाल तर अर्ज भरतानाच बिलाची तारीख विचारा आणि पगाराच्या तारखेशी जुळत नसेल तर पहिल्याच महिन्यात लेखी बदलून मागा. फोनवर मागू नका, ईमेलच करा.