लग्नाच्या फोटोंचं सिलेक्शन गेम कंट्रोलरवर: आठ महिन्यांनंतर

एका लग्नाचे आम्ही दोघे मिळून चार-पाच हजार फोटो काढतो. ग्राहकाला त्यातले सातशे-आठशे जातात. बाकीचे वेगळे काढायचं काम माझ्याकडे. मागच्या सीझनच्या शेवटी उजवं मनगट इतकं दुखायचं की कॅमेरा धरतानाही पट्टा बांधावा लागे. दुखणं कॅमेऱ्याचं नव्हतं, रात्र रात्र माउस धरून बसण्याचं होतं.

तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला, तेव्हा भाच्याकडचा पडून असलेला वायरलेस कंट्रोलर मागून आणला. अमेरिकी नौदलाची ‘यूएसएस कोलोरॅडो’ ही पाणबुडी 2018 मध्ये सेवेत आली. तिच्या मास्टवरचे (पाण्याबाहेर काढायच्या खांबावरचे) कॅमेरे एक्सबॉक्स या गेम कन्सोलच्या कंट्रोलरने फिरवतात, हे मी वाचलं होतं. आधीची खास बनवलेली जॉयस्टिक जड आणि महाग होती, कंट्रोलर मात्र तरुण खलाशांच्या हाताला आधीच सवयीचा. तिथे चालतो तर फोटो पुढे-मागे करायलाही चालेल, असं वाटलं.

मी फोटो निवडायला आणि एडिट करायला लाइटरूम क्लासिक हे सॉफ्टवेअर वापरतो. ते कंट्रोलरचं बटण थेट ओळखत नाही. मधे असा प्रोग्राम लागतो, जो बटण दाबलं की कीबोर्डवरची कळ दाबली असं संगणकाला कळवतो. विंडोजवर मी जॉयटूकी वापरतो. अँटिमायक्रोएक्स हा मुक्तस्रोत आहे आणि लिनक्सवरही चालतो. स्टीम हे गेम्सचं अ‍ॅप असेल तर त्याच्या डेस्कटॉप लेआउटमध्येही हे जमतं.

बटणं लावताना मी एक चूक केली. फोटो ठेवायची ‘पी’ आणि बाद करायची ‘एक्स’ या दोन्ही कळा उजव्या अंगठ्याखाली शेजारी-शेजारी दिल्या. तिसऱ्याच लग्नात अंतरपाट दूर होतानाची सगळ्यात चांगली फ्रेम बाद झाली. बाद फोटो मी अल्बम हातात पडेपर्यंत डिलीट करत नाही, म्हणून ती सापडली. त्या रात्री सगळं बदललं: ठेवायचं ते उजव्या अंगठ्याने, बाद करायचं ते डाव्या तर्जनीखालच्या ट्रिगरने. दोन निर्णय दोन वेगळ्या हातांत गेल्यापासून तशी चूक झालेली नाही. झूमची ‘झेड’ वरच्या बटणावर आहे. घरच्यांच्या ग्रुप फोटोत कुणाचे डोळे मिटलेत ते पाहायला ती सतत लागते. आणि कॅप्स लॉक चालू ठेवा. खूण केली की पुढचा फोटो आपोआप येतो.

वेळ फारसा वाचत नाही, हे स्पष्ट सांगतो. फरक पडतो तो बसण्यात. खुर्चीला पाठ टेकलेली, हात मांडीवर, स्क्रीनपासून हातभर अधिक लांब. लांबून पाहताना मी शार्पनेसच्या आधी चेहरा बघतो, आणि घरची माणसंही अल्बम तसाच बघतात. माझं सिलेक्शन यामुळे सुधारलं, असं मला मनापासून वाटतं.

एडिटिंगसाठी मात्र घेऊ नका. लाइटरूमच्या डेव्हलप या एडिटिंगच्या भागात स्वल्पविराम आणि पूर्णविराम या कळांनी स्लायडर बदलतो, अधिक-उणेने किंमत बदलते. तेही बटणांना देऊन पाहिलं. एक्स्पोजर जमतं, पण नवरीच्या चेहऱ्यावर मास्क काढायची, म्हणजे तेवढाच भाग आखून घ्यायची वेळ आली की कंट्रोलरची अंगठ्याने फिरवायची स्टिक निरुपयोगी. तिथे मी पेन टॅब्लेटच वापरतो.

पाच महिन्यांनी डावी स्टिक आपोआप सरकू लागली. नेहमीच्या स्टिकमध्ये स्टिकची जागा ओळखणारे, घासून झिजणारे पोटेन्शिओमीटर असतात, त्यामुळे हे होतं. सिलेक्शनला स्टिक लागतच नाही, म्हणून तिला दिलेली कामं काढून टाकली. नवीन घेणार असाल तर हॉल इफेक्ट स्टिकचा पाहा. त्यात चुंबक असतो, घासणारा भाग नसतो. ब्लूटूथवर दुसरा त्रास: फोन घ्यायला थांबलो की कंट्रोलर झोपतो आणि पुढचं पहिलं बटण वाया जातं. आता सरळ यूएसबी केबल लावतो, सेलचा प्रश्नही मिटला.

जॉयटूकीत सध्या माझी दोन प्रोफाइल आहेत, एक लग्नाचं आणि एक मुंज-बारशासारख्या छोट्या कामांचं. मनगटाचा पट्टा फेब्रुवारीपासून कपाटात आहे.