कोलेस्टेरॉलसाठी बीटा-कॅरोटीन: ताटातून, गोळीतून की थेट अ जीवनसत्त्व?

गाजर, रताळे, लाल भोपळा किंवा पालकातले बीटा-कॅरोटीन कोलेस्टेरॉल उतरवते, हे अर्धेच खरे आहे. आतड्यातले बीसीओ1 नावाचे एन्झाइम या रंगद्रव्याचा रेणू मधोमध तोडते आणि त्यातून अ जीवनसत्त्व बनते. कोलेस्टेरॉलचा संबंध या तोडणीशी आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या अमेंगुअल यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवले, की बीसीओ1 चे जनुक शाबूत असलेल्या उंदरांचेच कोलेस्टेरॉल बीटा-कॅरोटीनने घटले. जनुक काढलेल्या उंदरांच्या रक्तात रंगद्रव्य नुसते साचत गेले. तयार झालेल्या अ जीवनसत्त्वामुळे यकृत रक्तात कमी मेद सोडते, असा त्याचा खुलासा आहे. माणसांतही या जनुकाचा अधिक चालणारा प्रकार असलेल्यांचे एकूण कोलेस्टेरॉल कमी आढळले. पण ती पाहणी होती, उपचाराची चाचणी नव्हे.

ल्युटीन आणि लायकोपीन या भाज्याफळांतल्या दुसऱ्या रंगद्रव्यांपासून अ जीवनसत्त्व बनत नाही. त्यामुळे हा मार्ग त्यांना लागू नाही.

मग एवढे बीटा-कॅरोटीन गोळीतूनच का घेऊ नये? कारण आतड्याला ब्रेक आहे. अ जीवनसत्त्व पुरेसे झाले, की त्यापासून बनलेले रेटिनोइक आम्ल आयएसएक्स हे जनुक चालू करते. आयएसएक्स मग बीसीओ1 ला दाबते आणि रंगद्रव्य पेशीत घेणाऱ्या एसआर-बी1 या प्रथिनालाही. म्हणजे मात्रा वाढवत नेली तरी तोडणी त्या प्रमाणात वाढत नाही. उरलेले रंगद्रव्य रक्तात आणि त्वचेत जाते. शिवाय धूम्रपान करणाऱ्यांसाठी गोळी सरळ धोक्याची. फिनलंडमधल्या 29,133 धूम्रपानी पुरुषांच्या चाचणीत रोज 20 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त आढळला (1994). हृदयविकार टाळण्यासाठी बीटा-कॅरोटीन घेऊ नये, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने 2022 मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

थेट अ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचा पर्याय आणखी वाईट. तिथे तोडणीची पायरीच नसल्याने बीसीओ1 वरचा ब्रेक उपयोगी पडत नाही. प्रौढांसाठी तयार अ जीवनसत्त्वाची वरची मर्यादा दिवसाला 3000 मायक्रोग्रॅम. त्यापुढे यकृताला इजा होऊ शकते आणि गर्भात व्यंग येऊ शकते. मुरमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनोइन हे याच कुळातले औषध ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातला एक मेद, वाढवते, हेही लक्षात घ्या.

राहिले ताट. 100 ग्रॅम कच्च्या गाजरात साधारण 8 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. अन्नातल्या 12 मायक्रोग्रॅमचे 1 मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व धरतात. तेलात विरघळवलेल्या गोळीत हेच प्रमाण 2 ला 1 आहे. अन्नातली ही गळती कमी करता येते: गाजर किसा किंवा शिजवून कुस्करा, म्हणजे पेशींच्या भिंती फुटतात, आणि त्याच जेवणात चमचाभर तेल असू द्या. नुसती कच्ची, बिनतेलाची कोशिंबीर खाल्ली तर बरेचसे रंगद्रव्य तसेच बाहेर पडते. तरी एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) खाली आणायचेच असेल, तर भरवसा रंगावर ठेवू नका. ओट्स किंवा बार्लीतले रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन (विरघळणारा तंतू), किंवा 2 ग्रॅम वनस्पती-स्टेरॉल (वनस्पतींतले कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ), यांचा परिणाम माणसांवर सिद्ध झाला आहे. स्टेरॉल मात्र कॅरोटीनचे शोषणही घटवतात, तेव्हा रंगीत भाज्या थोड्या वाढवा. डॉक्टरांनी स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध दिले असेल तर यांतल्या कशासाठीही ते थांबवू नका.

जनुकचाचणी करावी का? बीसीओ1 मधले दोन बदल एकत्र असलेल्या स्त्रियांत रूपांतर 69 टक्क्यांनी कमी आढळले होते, म्हणजे फरक खरा आहे. पण निकाल काहीही आला तरी सल्ला बदलत नाही, मग पैसे कशाला घालवायचे? रक्तातले कॅरोटीन मोजूनही फारसे कळत नाही. ते एलडीएलच्याच कणांवर बसून फिरते, त्यामुळे कोलेस्टेरॉल जास्त असेल तर तेही जास्त दिसते.

तळहात पिवळसर झाले पण डोळ्यांचे पांढरे भाग पांढरेच राहिले, तर ती कावीळ नसून साचलेले कॅरोटीन असण्याची शक्यता जास्त. त्याच वेळी कोलेस्टेरॉलही चढलेले असेल, तर गाजर बंद करण्याआधी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासून घ्या. थायरॉइड मंदावला की तोडणी घटते आणि एलडीएल वाढते, दोन्ही एकदम.