लकव्यानंतर घरी येऊन दिलेली बौद्धिक पुनर्वसन सेवा: सहा महिन्यांचा अनुभव

माझ्या वडिलांना, म्हणजे बापूंना, गेल्या माघात लकव्याचा झटका आला आणि मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली. रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेल्या कागदावर गोळ्या आणि हातापायांचे व्यायाम लिहिलेले होते. लक्ष, स्मरण आणि विचार यांविषयी एक ओळही नव्हती. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी परतल्यावर चौथ्याच दिवशी बापू जेवताना मायवर रागावले, की भरीत वाढलेच नाही. भरीत ताटातच होते, पण डाव्या बाजूला. उजवीकडची कळण्याची भाकरी आणि ठेचा संपवून त्यांनी ताट सारले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर चांगली असल्याचे सांगितले. मग ते हट्टीपणा करतात, असाच आमचा समज झाला, आणि त्या समजापायी आम्ही त्यांना बोललोही, याचे मला आजही वाईट वाटते.

जळगावहून घरी येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे आजारानंतर रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाची, सेवा आम्ही त्यानंतर घेतली. आठवड्यातून दोन भेटी, प्रत्येकी ४५ मिनिटे, प्रवासासह ९०० रुपये. पहिल्याच भेटीत ताईंनी समजावले, की डोळा पाहत असला तरी मेंदू डाव्या बाजूकडे लक्षच देत नाही, आणि मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यावर असे पुष्कळदा घडते. त्यांनी ताटाच्या डाव्या काठाला लाल पट्टी चिकटवली आणि नियम घालून दिला: आधी पट्टी शोधायची, तिच्यावर बोट ठेवायचे, मग घास घ्यायचा. वर्तमानपत्राच्या समासालाही तशीच लाल रेघ ओढली, कारण बापू प्रत्येक ओळ मधूनच वाचू लागत आणि अर्थ लागला नाही की चिडत. दीड महिन्याने एकदा रेघ ओढायची राहिली, तेव्हा त्यांनी पेन मागून स्वतःच ती ओढली.

मला या सेवेत सर्वांत मोलाचे वाटले ते हे, की सराव घरातल्या कामांतून बेतलेला होता. केळीच्या कटाईचा जुना हिशेब पुन्हा मांडणे, फण्या मोजून दोन ढीग लावणे, चहाची कृती क्रमाने सांगून मग तो करणे. मायलाही शिकवले, की उत्तर चुकू देऊन दुरुस्त करण्यापेक्षा चूक होण्याआधीच खूण द्यावी. बापूंना मोटारसायकल आणि विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर एवढ्यात हाताळू देऊ नका, हेही ताईंनी त्यांच्यासमोर स्पष्ट सांगितले. आम्हाला ते सांगण्याचे धाडस झाले नसते.

उणिवाही मांडल्या पाहिजेत. ताई रजेवर असताना आलेल्या सहायकाने ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘शाळा’ला ‘शाया’ म्हटल्याबद्दल बापूंच्या नावावर चुका लिहिल्या. ही अहिराणी आहे, आजार नव्हे. खान्देशात काम करणाऱ्याला एवढे ठाऊक असायलाच हवे. मोबाइलवरचे खेळ हिंदीत होते, आणि बापूंना ते लहान मुलांचे वाटत, म्हणून आम्ही ते लवकरच बंद केले. वैशाखात भेटी दुपारी ठेवल्या होत्या. लकव्यानंतरचा थकवा आणि त्यात तो उकाडा, त्यामुळे दहा मिनिटांतच त्यांची मान कलंडे. आम्ही आग्रह धरल्यावर वेळ सकाळी आठची झाली, पण तोवर पाच भेटींचे पैसे वाया गेले होते.

बौद्धिक क्षमतेच्या ३० गुणांच्या चाचणीत त्यांना सुरुवातीला १७ गुण होते, सहाव्या महिन्यात २२ झाले. २६ पासून पुढे साधारण समजतात. या वाढीचे सगळे श्रेय मी सेवेला देणार नाही, कारण पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपणहूनही बराच सावरतो, आणि हे ताईंनीच आम्हाला सांगितले होते. त्यांनी कुठलीही हमी दिली नाही, म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. ताटातले भरीत मात्र आता उरत नाही.

ही सेवा घ्यायची असेल, तर दिवसभर रुग्णाजवळ असणारे माणूस प्रत्येक भेटीला हजर ठेवा, कारण आठवड्यातली ती दीड तासाची शिकवण उरलेल्या वेळात त्यालाच चालवायची असते. आमच्याकडे मायने ती चालवली. श्रावणापासून आम्ही भेटी महिन्यातून दोनवर आणल्या आहेत, आणि ताटावरची पट्टी निम्म्या रुंदीची केली आहे.