स्टॅट्सगुरू: दोन महायुद्धांमधले फलंदाज निवडायला कितपत कामाचं?

इंदुरात मराठी मंडळी क्रिकेटवर बोलायला बसली की गाडी सी. के. नायडूंपाशी येतेच. दोन महायुद्धांमधले सर्वोत्तम सहा फलंदाज कोण, हा वाद पेटला की कुणीतरी मोबाइलवर क्रिकइन्फो या संकेतस्थळाचं आकडेवारी शोधायचं यंत्र, स्टॅट्सगुरू, उघडतो, सरासरीची यादी वाचून दाखवतो आणि कर्नलसाहेबांचं, म्हणजे नायडूंचं, नाव तिथेच कटतं. यादी खोटी नसते, पण ती मागवतानाच घोळ झालेला असतो. म्हणून हे शोधयंत्र या कामासाठी कसं वापरायचं आणि कुठे त्याचा भरवसा सोडायचा, ते नीट लिहिलं पाहिजे.

ते फुकट आहे. कसोटी हा प्रकार आणि फलंदाजी हा विभाग निवडला की लांबलचक अर्ज समोर येतो. मोबाइलवर तो भरणं जिकिरीचं आहे आणि तक्ता पडद्यात मावत नाही; कॉम्प्युटर असेल तर तोच घ्या. सगळ्यात आधी तारखा भरायच्या. पहिल्या महायुद्धानंतरची पहिली कसोटी १७ डिसेंबर १९२० ला सिडनीत सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वीची शेवटची २२ ऑगस्ट १९३९ ला ओव्हलवर संपली. तेव्हा १ डिसेंबर १९२० ते ३१ ऑगस्ट १९३९ एवढा पट्टा घेतला की काही निसटत नाही.

तारखा न भरता खेळाडूच्या पानावरचे कारकिर्दीचे आकडे उचलणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. वेस्ट इंडीजच्या जॉर्ज हेडलीची कारकिर्दीची सरासरी ६०.८३ दिसते, पण महायुद्धानंतर तो तीनच कसोट्या खेळला आणि त्यांत त्याच्या अवघ्या ५५ धावा झाल्या. त्या वगळल्या की १९ कसोट्यांत २,१३५ धावा आणि सरासरी ६६.७१. इंग्लंडच्या वॉली हॅमंडचंही तसंच: कारकिर्दीत ५८.४५, युद्धापूर्वी ६० च्या वर. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनचं उलटं होतं. त्याचं सगळ्यांना पाठ असलेलं ९९.९४ या काळापुरतं ९७.९४ होतं. इंग्लंडच्या हर्बर्ट सटक्लिफचं मात्र काही कापावं लागत नाही. ५४ कसोट्या, ४,५५५ धावा, ६०.७३, सगळं या पट्ट्यातच. त्याचा सलामीचा जोडीदार जॅक हॉब्जची कारकीर्द १९०८ पासूनची, त्यामुळे ती मधोमध तुटते. सिडनीची ती कसोटी सुरू झाली त्याच्या आदल्याच दिवशी त्याने ३८ पूर्ण केली होती आणि तिथून पुढे तो १९३० पर्यंत खेळला, हे त्याची सरासरी वाचताना डोक्यात असू द्यावं.

दुसरा रकाना किमान डावांचा. तो कोरा सोडून सरासरीने क्रम लावला तर एखाद-दुसरा डाव खेळलेले वर चढून बसतात. पण इथे आकडा ठरवणं म्हणजेच निम्मी निवड करणं. न्यूझीलंडचा स्ट्यूई डेम्पस्टर १५ डाव खेळला, सरासरी ६५.७२. अट १५ ची ठेवली तर तो हॅमंड आणि सटक्लिफच्या वर येतो, २० ची केली की यादीतून गायब. आमच्या मते २० ठीक आहे, मात्र एकदा १० वरही चालवून बघा. कोण कुठल्या अटीमुळे बाहेर राहिला, ते समजलं पाहिजे.

यंत्राची खरी ताकद विरोधी संघ, यजमान देश आणि हंगाम या गाळण्यांत (फिल्टरांत) आहे. १९३३ च्या न्यूझीलंड दौऱ्यात हॅमंडने दोन कसोट्यांत २२७ आणि नाबाद ३३६ केल्या, मालिकेची सरासरी ५६३. एवढ्या दोन खेळी वगळल्या तर त्याची युद्धापूर्वीची सरासरी ५७ च्या खाली येते. बॉडीलाइन मालिका, म्हणजे इंग्लंडच्या गोलंदाजांनी ऑस्ट्रेलियात फलंदाजांच्या अंगावर मारा केला ती, तपासताना तर हमखास फसगत होते. हंगाम १९३२-३३ एवढंच निवडलं तर हॅमंडच्या न्यूझीलंडमधल्या त्याच धावा त्यात मिसळतात; सोबत यजमान देश ऑस्ट्रेलिया निवडायलाच हवा. मग हॅमंड ४४०, सटक्लिफ ४४०, दोघांची सरासरी ५५, आणि लारवूडच्या माऱ्यासमोर ब्रॅडमन ३९६ धावा, सरासरी ५६.५७, असा खरा हिशेब दिसतो. सलामीसाठी भागीदारीचा वेगळा विभाग आहे, तो जरूर पाहा. हॉब्ज-सटक्लिफ यांच्या सलामीची ३८ डावांतली सरासरी ८७.८१ आहे. ही जोडी फोडून दुसरा सलामीवीर घालण्यात अर्थ नाही.

काही गोष्टी या यंत्राला विचारताच येत नाहीत. खेळपट्टी मॅटिंगची (चटई अंथरलेली) की हिरवळीची, याची गाळणी नाही. दक्षिण आफ्रिकेत १९३० पर्यंत कसोट्या मॅटिंगवर होत. पावसाने भिजून उन्हाने चिकट झालेली खेळपट्टीही आकड्यांत दिसत नाही. १९२९ च्या सुरुवातीला मेलबर्नला तशाच खेळपट्टीवर हॉब्ज-सटक्लिफने १०५ ची सलामी दिली आणि सटक्लिफने १३५ केल्या. तक्त्यात मात्र ते एक साधं शतक. ऑस्ट्रेलियात तेव्हा कसोटी निकाल लागेपर्यंत चाले, इंग्लंडमध्ये बहुतेक तीन दिवसांची असे. खेळायला वेळच वेळ असलेल्या डावाची आणि घड्याळाकडे बघत खेळलेल्या डावाची सरासरी एकाच रकान्यात येते. १९३५ पासून पायचीतचा नियम गोलंदाजांच्या बाजूने बदलला, तोही फरक तुम्हालाच लक्षात ठेवावा लागतो. चेंडूंची नोंद त्या काळातल्या पुष्कळ डावांची नाहीच, म्हणून स्ट्राइक रेटच्या रकान्यावर काही ठरवू नका.

आता नायडू. भारत युद्धापूर्वी सातच कसोट्या खेळला: १९३२ ची एक, १९३३-३४ च्या तीन, १९३६ च्या तीन. म्हणजे जास्तीत जास्त १४ डाव. अट १५ ची केलीत की एकही भारतीय फलंदाज यादीत येऊच शकत नाही, मग तो मँचेस्टरला १९३६ साली २०३ ची सलामी देणारा मर्चंट असो की आपला इंदूरचा मुश्ताक अली. सी. के. सातही कसोट्या खेळले. ३५० धावा, सरासरी २५. पहिल्या कसोटीच्या वेळी त्यांचं वय ३६ होतं. मुंबईत १९२६ साली इंग्लंडहून आलेल्या गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध ११ षटकारांसह केलेल्या १५३, किंवा १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यातल्या १,६१८ प्रथम श्रेणी धावा या यंत्राच्या गाळण्यांत सापडत नाहीत, कारण तिथे प्रथम श्रेणी सामनेच नाहीत. खेळाडूच्या पानावर प्रथम श्रेणीची एकूण बेरीज मिळते, पण ती तारखेने तोडता येत नाही. वयाची साठी उलटल्यावरही सी. के. मैदानात उतरत होते, त्यामुळे त्या बेरजेतली सरासरी त्यांच्या भरातल्या वर्षांवर अन्यायच करते. यशवंत क्लबच्या मैदानावर होळकर संघाचं क्रिकेट बघून मोठी झालेली पिढी त्यांच्याबद्दल जे सांगायची, त्याचा पडताळा घ्यायचा तर १९२० ते १९३९ मधले प्रथम श्रेणी धावफलक एकेक काढून हाताने बेरीज करणं हाच मार्ग. असे धावफलक क्रिकेटआर्काइव्हवर वर्गणी भरून मिळतात. भारतीयांची यादी वेगळी करा आणि ती कसोटीच्या तक्त्याशी जुळवू नका.

या गाळण्या लावून आमचे पहिले पाच बिनघोर ठरतात: हॉब्ज, सटक्लिफ, ब्रॅडमन, हेडली, हॅमंड. सहाव्या जागेच्या दावेदारांत यंत्र इंग्लंडच्या एडी पेंटरला बरंच वर दाखवतं, एकूण ५९.२३ आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध तर ८४.४२. ऑस्ट्रेलियाच्या स्टॅन मॅकेबची सरासरी ४८.२१ च. तरीही आम्ही मॅकेबच घेऊ. बॉडीलाइनच्या पहिल्याच कसोटीत नाबाद १८७ आणि १९३८ ला ट्रेंट ब्रिजवर समोर गडी पडत असताना २३२, अशा दोन खेळी पेंटरच्या खात्यात नाहीत.

कसोटीपुरती निवड करायची असेल तर स्टॅट्सगुरूला पाचपैकी साडेचार गुण. भारतीय फलंदाज तोलायचे असतील तर दीड.