गाडीतला डिझेल हीटर: दोनदा बसवून घेतल्यानंतरचा अभिप्राय

कोल्हापुरात गाडीला हीटर बसवायचा आहे असे म्हटले, की समोरचा माणूस आधी हसतो, कारण इथल्या थंडीला रंकाळ्यावरच्या पहाटेपुरता स्वेटर पुरतो. मला मात्र आमची डिझेल व्हॅन घेऊन स्पिती आणि लडाखला जायचे आहे आणि रात्री गाडीतच झोपायचे आहे. इंजिन रात्रभर चालू ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, म्हणून इंजिन बंद असताना गाडीच्याच टाकीतले डिझेल जाळून हवा तापवणारा हीटर घ्यायचे ठरवले. तो मी दोनदा बसवून घेतला. पहिले काम काढून टाकावे लागले आणि दुसऱ्यावर मी समाधानी आहे.

या यंत्रात हवेच्या दोन वाटा असतात आणि त्या कुठेही एकमेकींना मिळता कामा नयेत. एका वाटेने गाडीतली हवा पंख्याने आत ओढली जाते, तापलेल्या धातूच्या कवचावरून फिरते आणि गरम होऊन परत गाडीत येते. दुसऱ्या वाटेने ज्वलनासाठी लागणारी हवा गाडीच्या तळाखालून येते आणि धूर तळाखालीच बाहेर पडतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला तो कळत नाही, म्हणून या हीटरची खरी परीक्षा तो किती ऊब देतो यात नसून त्याचा धूर कुठून जातो यात आहे.

पहिला हीटर ऑनलाइन मागवला होता. खोक्यावर ‘५ किलोवॅट’ असे मोठ्या अक्षरांत होते, कंपनीचे नाव मात्र कुठेच नव्हते. ज्या गॅरेजमध्ये तो बसवला तिथल्या मिस्त्रींनी ‘व्हतंय की ओ, काय टेन्शन घेऊ नका’ म्हणत अर्ध्या दिवसात काम हातावेगळे केले. परवानगीचा विचार तेव्हा माझ्याही डोक्यात आला नव्हता, ही चूक माझीच. राजारामपुरीत घरासमोर गाडी उभी करून, काचा लावून हीटर चालू केला आणि मागच्या सीटवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवून मी बाहेर उभा राहिलो. थोड्या वेळाने काचेतून आकडा दिसला, ११० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ११० भाग), आणि पंधराएक मिनिटांत अलार्म कोकलू लागला. युरोपीय ईएन ५०२९१ मानकाचा अलार्म १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजलाच पाहिजे, त्यामुळे त्याने आपले काम चोख केले होते. सीटखाली पाहिले तर हीटरच्या धुराच्या नळीचा जोड गाडीच्या आतच होता, आणि ज्वलनाची हवाही सीटखालूनच घेतलेली होती.

दुसरे काम उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये झाले. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी हीटर हातात घेऊन उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि विचारले, ‘साहेब, ह्यावर वर्तुळातला ई कुठाय?’ युरोपात वाहनांच्या हीटरसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १२२ लागू आहे आणि त्यानुसार मंजूर झालेल्या यंत्रावर वर्तुळात ‘ई’ आणि देशाचा क्रमांक असतो. माझ्या हीटरवर होता तो ‘सीई’चा स्टिकर, म्हणजे माल युरोपीय नियमांत बसतो असे उत्पादकानेच जाहीर करण्याची खूण, जी अगदी वेगळी गोष्ट आहे. शेवटी ई-खूण असलेला, २ किलोवॅटचा आणि उंचीनुसार इंधनाचे प्रमाण बदलणारा हीटर घेतला. त्याला पहिल्याच्या जवळपास सातपट पैसे पडले. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवा विरळ असल्याने साध्या हीटरमध्ये डिझेल पुरते जळत नाही आणि काजळी धरते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कागद हातात येईपर्यंत मिस्त्रींनी ड्रिलला हात लावला नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मी हीटरच्या मंजुरीची प्रत आणि बसवण्याचा आराखडा जोडून आरटीओकडे अर्ज केला, विमा कंपनीला लेखी कळवले आणि दोन्हीकडून लेखी होकार घेतला. त्यात दीड महिना गेला. हीटरखेरीज दुसरा बदल नको म्हणून आसने काढली नाहीत, पलंग ठोकला नाही. माझ्या गाडीला होकार मिळाला म्हणून प्रत्येक गाडीला मिळेलच असे समजू नये.

कामाची सफाई सांगण्यासारखी आहे. हीटर चालकामागच्या सीटखाली, धातूच्या पट्टीवर आणि गॅस्केटवर असा बसवला, की धुराची नळी, हवेची नळी आणि डिझेलची नळी तिन्ही थेट तळातून खाली उतरतात आणि गाडीच्या आत एकही जोड राहत नाही. धुराची नळी उतारावर नेली असून तिच्या सर्वांत खालच्या बिंदूवर पाणी निथळण्यासाठी बारीक भोक ठेवले आहे. तिचे तोंड दारापासून आणि खिडक्यांपासून दूर, खाली वळवले आहे. खोक्यातली मऊ हिरवी नळी बाजूला ठेवून डिझेलसाठी बारीक भोकाची कडक नायलॉन नळी वापरली आणि पंप तिरका, तोंड वर करून टांगला, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. पंप रबरात टांगला असला तरी रात्रीच्या शांततेत त्याची टक-टक ऐकू येते. मला ती आवडू लागली आहे, बायकोला नाही.

चाचणी गगनबावड्याला घेतली. पहाटे बाहेर १२ अंश होते आणि आत शर्टावर बसता येत होते. सर्वांत कमी वेगावर सहा तासांत पाऊण लिटरच्या आसपास डिझेल लागले आणि उशाशी ठेवलेला अलार्म रात्रभर शून्यावर राहिला. खटकले ते एवढेच, की नियंत्रक दारापाशी लावल्याने झोपल्या जागेवरून हात पोचत नाही, आणि पहिल्यांदा मी चुकून बॅटरीचा मुख्य स्विचच बंद केला. तसे करू नये, कारण हीटर बंद केल्यावरही पंखा काही मिनिटे फिरून आतले कवच थंड करत असतो. डिझेल भरण्याआधी हीटर बंद करण्याची सूचना टाकीच्या झाकणाशेजारी चिकटवायला मात्र मिस्त्री विसरले नव्हते.

मजुरी १४,००० रुपये झाली आणि गाडी दोन दिवस अडकली. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा दहा मिनिटे हीटर चालवायचा, आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात गाडी पुन्हा दाखवायची, तेव्हा नळीखालचे ते भोक तारेने मोकळे करून देतो, असे मिस्त्रींनी सांगितले आहे.