नऊ महिने, साडेसहा स्वेटर आणि वायरच्या सुया

मुलीने जूनमध्ये गोड बातमी दिली आणि त्याच आठवड्यात मी बाळंतविड्याची लोकर आणायला बाहेर पडले. दुकानात नेहमीच्या सरळ सुयांशेजारी सर्क्युलर, म्हणजे दोन टोकं वायरीने जोडलेल्या सुयांचा संच मांडलेला होता: लाकडी टोकांच्या आठ जोड्या, तीन लांबीच्या वायरी आणि टोक घट्ट पिळायला टाचणीएवढी किल्ली. किंमत साडेतीन हजारांच्या घरात. आईच्या १० नंबरच्या ॲल्युमिनियमच्या सुयांवर आमच्याकडे दोन पिढ्यांची टोपडी झाली, तेव्हा ही चैनच. पण गळ्यापासून खाली विणत आणायचा, शिवण नसलेला स्वेटर बरीच वर्षं मनात होता आणि सरळ सुयांवर तो काही जमत नव्हता. घेतला संच. आता मार्च संपत आलाय. सहा स्वेटर झाले, एक अर्धा उसवून पुन्हा झाला, म्हणजे साडेसहा म्हणा.

पहिला फसला, आणि दोष सुयांचा नाही. नमुना अमेरिकन होता, त्यात ६ नंबरची सुई सांगितली होती. आपल्याकडे चालतात ते जुने ब्रिटिश नंबर. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकेत बरोबर उलटं. आपली ६ नंबर ५ मिलिमीटरची, त्यांची ६ नंबर ४ मिलिमीटरची. मी ५ ची टोकं चढवून बसले. दहा सेंटिमीटरला २२ टाके यायला हवेत तिथे १८ येत होते, आणि बाळाचं आहे, सैलच बरं, असं म्हणत मी आधी मापाचा चौकोन विणायचा आळस केला होता. ४७ सेंटिमीटर घेराचा स्वेटर ५८ चा झाला. तो नणंदेच्या अडीच वर्षांच्या नातवाने घातला. तेव्हापासून मी नंबर वाचतच नाही, मिलिमीटर वाचते.

गणित मात्र आवडलं. सहा महिन्यांच्या बाळाला, समोरून उघडा, ४ मिलिमीटरच्या सुयांवर: गळ्याला ६० टाके घालायचे. त्यांची वाटणी १०, १०, २०, १०, १०. म्हणजे पुढचा भाग, बाही, पाठ, बाही, पुन्हा पुढचा भाग. चारही सांध्यांवर रंगीत दोऱ्याची कडी अडकवायची. मग दर सुलट सुईला, म्हणजे एक ओळ सोडून एक, प्रत्येक कडीच्या दोन्ही अंगांना एकेक टाका वाढवायचा, एका सुईला आठ. चौदा वेळा वाढवले की सुईवर १७२ टाके येतात: पुढे २४-२४, पाठीला ४८, बाह्यांना ३८-३८. बाह्यांचे टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवायचे, दोन्ही काखांत चार-चार नवे घालायचे आणि १०४ टाक्यांचं अंग सरळ खाली विणत न्यायचं. पूर्वी पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या असे पाच तुकडे डब्यात पडून असायचे. त्यातली एक बाही कायम न झालेली.

टाका वाढवताना धागा नुसता पुढे घेतला तर सांध्याला सुरेख जाळी पडते. तान्ह्या बाळाच्या स्वेटरला मी ती घेत नाही, त्यात बोटं अडकतात. दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलायचा आणि मागून पीळ देऊन विणायचा, भोक राहत नाही.

या तिरप्या सांध्याच्या बाहीला रॅगलन म्हणतात, ते १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅगलनवरून. पुढे क्रिमियाच्या युद्धात त्याच्या हाताखाली लॉर्ड कार्डिगन होता, समोरून उघड्या स्वेटरला ज्याचं नाव पडलं तो. म्हणजे आमची तीन महिन्यांची नात दोन इंग्रज सेनापती अंगावर घेऊन झोपते.

समोरून उघडाच का, असं मुलीने विचारलं होतं. तिने पाहिलेली चित्रं सगळी बंद गळ्याची. पण जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर असतं, छातीपेक्षा दोनेक सेंटिमीटर मोठंच. डोक्यातून जाईल असा गळा ठेवला तर तो खांद्यावरून ओघळतो, बेताचा ठेवला तर रोज रडारड. बटणं चपटी, दुहेरी दोऱ्याने शिवलेली. गळ्याला नाडी अजिबात नको.

आता सुयांबद्दल. लाकडी टोकं हाताला गार लागत नाहीत आणि ॲक्रिलिकचा गुळगुळीत धागा त्यांच्यावरून घसरत नाही. वायर नवी असताना गुंडाळीसारखी वळत होती. मिनिटभर गरम पाण्यात धरून सरळ ओढली की ऐकते. तक्रार आहे ती पिळाच्या सांध्याबद्दल. तो आपोआप सैल होतो. डिसेंबरात एका रात्री टीव्हीवर निफाडचा पारा किती उतरला ते सांगत होते, माझ्या सुईवर नेमके १७२ टाके, आणि उजवं टोक वायरीवरून निघून हातात आलं. चाळीसेक टाके उघडे पडले. अशा वेळी लोकर ओढायची नाही, मांडी हलवायची नाही. मी ह्यांना हाक मारून क्रोशाची सुई मागितली आणि एकेक टाका उचलला. दोन टाके खालच्या ओळीपर्यंत निसटले होते, बाकीचे उभे होते. तेव्हापासून दर बैठकीला आधी किल्ली फिरवते. सव्वातीनचं एक टोक मोडलंही, पण त्यावर मीच बसले होते.

बाह्या हा या पद्धतीतला कंटाळवाणा भाग. बाहीला काखेतले धरून ४२ टाके, घेर १९ सेंटिमीटर. त्याला संचातली सगळ्यात छोटी वायरही मोठी पडते. म्हणून लांब वायरीचे दोन फुगे दोन बाजूंना बाहेर काढून विणायचं. फुगा येतो तिथे टाके सैल पडून शिडीसारखी रेघ उठते. तिथला पहिला नव्हे, दुसरा टाका ओढून घट्ट करायचा, मग रेघ उठत नाही. काखेच्या कोपऱ्यात भोक राहतं, तिथे एकेक जादा टाका उचलून पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर जोडून टाकते. आणि हे सगळं चाललेलं असताना अख्खा स्वेटर मांडीवर गरगर फिरत असतो. बाळाचा असतो म्हणून चालतं. सहावा ह्यांच्यासाठी विणला, तेव्हा अर्ध्या किलोचं ओझं फिरवून मनगट दुखलं. अंगावर घालून बघत विणता येतं हा फायदा खरा. पण तिसऱ्यांदा घालायला लावल्यावर, आता सुई टोचली तर मी तसाच घालून बाहेर जाईन, असं ऐकून घ्यावं लागलं.

एवढ्यासाठी साडेतीन हजार घालावेत का? मी आठांतल्या तीनच जोड्या वापरल्या. फक्त बाळाचं विणायचं असेल तर सव्वातीन आणि ४ मिलिमीटरच्या, वायर पक्की जोडलेल्या ८० सेंटिमीटरच्या दोन सुया घ्या. सांधा सुटायची भानगडच नाही.

पद्धत मात्र मी आता सोडणार नाही, आणि ते शिवण वाचते म्हणून नव्हे. विणकाम जिथे शेवटी टाके बंद केले तिथून सरसर उसवतं, जिथे सुरुवातीला घातले तिथून उसवत नाही. खालून वर विणलेल्या स्वेटरची खालची कड म्हणजे घातलेले टाके, ती वाढवायची तर कापाकापी. वरून खाली आलं की खालची कड आणि बाहीचं मनगट, दोन्ही बंद केलेले टाके. नात छातीत अजून मावते आहे, हात मात्र दोन बोटं बाहेर आलेत. परवा उजव्या बाहीची बॉर्डर उसवली, टाके सुईवर घेतले आणि बारा फेऱ्या वाढवल्या. उरलेल्या गुंडीतली लोकर धुतलेल्या स्वेटरपेक्षा उजळ दिसत होती, म्हणून मध्ये पांढऱ्या दोन फेऱ्या घातल्या. आता मुद्दाम केल्यासारखं दिसतं. सोमवारी मुलगी बेंगळुरूला निघते आहे, तोवर डावी बाही व्हायला हवी.